जायला नको होतं

2023 च्या गणपतीच्या दोन दिवस आधीची गोष्ट. रविवारची सकाळ. डायनिंग टेबलावर मखराचे पुठ्ठे पसरलेले, खुर्चीच्या पायाला डिंक लागलेला, आणि मी उकडीच्या मोदकांची रंगीत तालीम म्हणून अकरा मोदक वाफवले होते. त्यातले सात फुटले. इथे मेलबर्नमध्ये मिळणारं तांदळाचं पीठ उकडीला दगा देतं हे मला दर वर्षी कळतं आणि दर वर्षी मी तेच पीठ आणतो. धड निघालेले चार मोदक डब्यात भरले, वर तूप सोडलं आणि कुंपणापलीकडे निघालो. निमित्त प्रसादाचं नव्हतं, गणपती अजून बसायचाच होता. निमित्त होतं माफीचं. शुक्रवारी रात्री आमच्या लेकीने मागच्या अंगणात जाऊन जो धिंगाणा घातला तो सगळ्या गल्लीने ऐकला होता. फूटीची, म्हणजे इथल्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलची, सेमीफायनल. मेलबर्न विरुद्ध कार्लटन, दोन्ही याच शहरातले क्लब. अगदी शेवटी कार्लटनने गोल केला आणि 73-71 असा सामना खिशात घातला. लेक कार्लटनची. का, तर वर्गातली तिची जिवलग मैत्रीण कार्लटनची. आणि पलीकडचे आजोबा मेलबर्नचे. त्यांचे वडील मेलबर्नचे, त्यांच्या पत्रपेटीला हिवाळाभर लाल-निळा मफलर गुंडाळलेला असतो तो मेलबर्नचा. ('पलीकडचे आजोबा' हे लेकीने लहानपणी ठेवलेलं नाव. सत्तरीचा, निवृत्त, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला माणूस. खरं नाव लिहिलेलं त्यांना आवडणार नाही.)

मधल्या शनिवारी रॉन बरासी गेला. वय 87. आधी मेलबर्नचा खेळाडू आणि कप्तान, मग कार्लटनचा प्रशिक्षक. म्हणजे त्याचे दोन क्लब एकमेकांशी भिडले आणि दुसऱ्या दिवशी त्याने डोळे मिटले. असं कुणी कथेत लिहिलं असतं तर मी म्हटलं असतं, जरा जास्तच होतंय.

आजोबा व्हरांड्यात बसले होते. मफलर पत्रपेटीवरून सोडवून मांडीवर घेतलेला. मी डबा पुढे केला, लेकीच्या वतीने दिलगिरी वगैरे पुटपुटलो, आणि मग काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "बरासींचं कळलं. वाईट वाटलं." ते मफलरच्या दशा बोटांनी सरळ करत होते. म्हणाले, "मोठा माणूस. त्याच्यासारखा दुसरा बघितला नाही." मग बराच वेळ गप्प. मग, "पण जायला नको होतं." मी आपलं माझ्या पद्धतीने सांत्वन सुरू केलं: सत्त्याऐंशी म्हणजे भरलेलं आयुष्य, नातवंडं-पतवंडं, कधी ना कधी सगळ्यांनाच. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी वाक्य अर्धंच सोडलं.

"अरे, काल नाही. चौसष्ट साली."

डबा घेऊन ते आत गेले. मी रिकाम्या हातांनी घरी आलो, पुठ्ठे कापायला बसलो, आणि कात्री एकाच जागी चालत राहिली. एकोणसाठ वर्षं. माणूस मेला त्याच्या दुसऱ्या दिवशी, त्याच्याबद्दल बोलायचं शेवटचं वाक्य हे?

या शहरात नव्याने आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात एक प्रश्न विचारला जातो. तू कुणाचा? आपल्याकडे गावात शिरल्यावर पारावरची म्हातारी माणसं विचारतात त्याच सुरात, फक्त इथे उत्तर म्हणून क्लबचं नाव लागतं. "कुणाचाच नाही" हे उत्तर चालत नाही. मी ऑफिसातल्या शेजारच्या टेबलाचं मन राखायला काहीतरी नाव घेतलं आणि निभावून नेलं. खेळ समजायला तीन-चार हंगाम गेले. अंडाकृती चेंडू, क्रिकेटच्या मैदानावर अठरा-अठरा माणसं, दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून गेला तर सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक. चुकलं तरी एक गुण देणारा खेळ मला मनापासून आवडला. पण बरासी हे नाव खेळ समजायच्या आधीपासून कानावर होतं. 2006 च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या उद्घाटनाला या शहराने त्याला हातात बॅटन देऊन यारा नदीच्या पाण्यावरून चालवलं. पायाखाली फळी होती, दिसत नव्हती एवढंच. पण कुणाला पाण्यावर चालवायचं हे ठरवताना त्यांना फार विचार करावा लागला नसणार.

त्याची सुरुवात मात्र एका न आलेल्या माणसापासून होते. त्याचे वडील, तेही रॉन बरासी, मेलबर्नकडून खेळायचे. 1940 च्या विजेत्या संघात होते. पुढच्याच वर्षी टोब्रुकच्या वेढ्यात मारले गेले. मुलगा पाच वर्षांचा. क्लबने त्या घराकडे लक्ष ठेवलं. पोरगा मोठा झाला तेव्हा अडचण अशी की तो राहायचा त्या भागातल्या खेळाडूंवर हक्क दुसऱ्या क्लबांचा. मग मेलबर्नने खटपट केली, बापाच्या क्लबात मुलाला खेळता यावं असा नियम झाला. हा नियम आजही आहे. आपण याला घराणेशाही म्हणून नाक मुरडू. इथे त्याचं कौतुक आहे. आणि खरं सांगायचं तर ज्या घराणेशाहीची सुरुवात वाळवंटातल्या एका कबरीपासून होते तिच्यावर नाक मुरडणं मलाही जमत नाही. बापाचा 31 नंबर मुलाच्या पाठीवर आला.

पुढे आईने दुसरं लग्न केलं, ती टास्मानियाला निघाली. पोराला खेळायचं तर मेलबर्नमध्येच राहायला हवं. नॉर्म स्मिथ नावाच्या माणसाने त्याला घरी आणलं. स्मिथ हा त्याच्या वडिलांबरोबर खेळलेला, आणि आता त्याच क्लबचा प्रशिक्षक. घराच्या मागच्या अंगणातल्या खोलीत पोराची सोय झाली. जेवायला स्मिथच्या टेबलावर, शिव्या खायला स्मिथच्या मैदानावर. हे इथल्या लोकांना विलक्षण वाटतं. मला यात वेगळं काही दिसेना. कोल्हापूरच्या कुठल्याही तालमीत पोरं अशीच राहिली, वाढली, वस्तादाच्या घरचं दूध प्यायली. स्मिथची खरी करामत पुढची. या खेळात एक 'रक' असतो, ताडमाड उंच, हवेतला चेंडू थोपटणारा. आणि एक 'रोव्हर', ठेंगणा, चपळ, थोपटलेला चेंडू उचलून पळणारा. बरासी एकाला कमी उंच, दुसऱ्याला जास्त आडवा. दुसऱ्या कुणी त्याला कुठेतरी कोंबला असता. स्मिथने त्याच्यासाठी जागाच नवी केली, रक-रोव्हर. माणसाला जागेत बसवण्याऐवजी जागा माणसाच्या मापाने बेतायची. 1955 ते 1964 या दहा वर्षांत मेलबर्नने सहा विजेतेपदं मिळवली, सहाही वेळा बरासी संघात, शेवटच्या दोनदा कप्तान.

ती शेवटची फायनल आजोबांनी पाहिलेली. वय वर्षं अकरा, वडिलांच्या खांद्यावर, समोरच्या माणसाची हॅट अर्धं मैदान झाकत होती म्हणून. कॉलिंगवुडविरुद्ध मेलबर्न मागे पडलेलं, घड्याळ संपत आलेलं, आणि नील क्रॉम्प्टन नावाचा बचावफळीतला माणूस, ज्याचं तिथे काही कामच नव्हतं, पुढे येऊन गोल मारून गेला. चार गुणांनी जिंकले. हे आजोबा सांगतात तेव्हा हातवारे करतात, आणि हे त्यांनी मला निदान आठ वेळा सांगितलंय. हॅटचा रंग दर वेळी बदलतो.

नाताळच्या सुमाराला बातमी पक्की झाली. बरासी कार्लटनला चालला. खेळाडू आणि प्रशिक्षक, दोन्ही. पैसे चांगले, आणि मुख्य म्हणजे संघ आपल्या हातात. मेलबर्नमध्ये नॉर्म स्मिथ असताना ते शक्य नव्हतं. अठ्ठावीस वर्षांच्या माणसाला हे वाटलं यात गैर काय? पण शहर रडलं. अर्ध्या पोरांच्या पाठीवर 31 होता. आजोबांच्या आईने लोकरीच्या जर्सीवर पांढऱ्या कापडाचे आकडे हाताने शिवले होते. पोराने रात्री ब्लेडने टाके उसवले, आकडे काढून टाकले. जर्सी वाया घालवायची ऐपत नव्हती, ती धाकट्या भावाने वापरली. पाठीवर सुईच्या भोकांचा 31 उन्हात लख्ख दिसायचा, म्हणे. त्या भावाने पुढे फक्त चिडवण्यासाठी कार्लटन धरलं, आणि हळूहळू खराखुरा कार्लटनचा झाला. दोघे भाऊ नाताळला एकत्र जेवतात. फूटीचा विषय काढायचा नाही असा वहिनीचा नियम आहे.

हे मी ऐकत होतो, आणि माझ्या नाकात फक्की गेली.

फक्की म्हणजे कबड्डीचं मैदान आखायची पांढरी भुकटी. परळला आमच्या चाळीमागच्या मैदानात मी दर संध्याकाळी फक्कीची बादली घेऊन अण्णांच्या मागे फिरायचो. अण्णा मंडळाचे प्रशिक्षक. प्रशिक्षक हा शब्द कुणी वापरायचं नाही, अण्णा म्हणजे अण्णा. गिरणीत साचे चालवून ऐकू कमी यायचं, त्यामुळे बोलायचे ते ओरडून. बंडीच्या खिशात तंबाखूची डबी, गळ्यात शिट्टी, आणि सूर्य बुडाल्यावरही डोळे किलकिले. माझा दादा त्यांचा चढाईपटू. दादाला त्यांनी आठव्या वर्षापासून घडवला, अंडी-दूध स्वतःच्या पगारातून घातलं, पगार होता तोवर. 82 चा संप झाला, गिरण्या गेल्या, आमच्या बाबांची गेली, अण्णांचीही गेली. मंडळ राहिलं. मग 89 साली दोन गल्ल्या पलीकडच्या मंडळाच्या अध्यक्षांनी दादाला शब्द दिला: आमच्याकडून खेळ, कंपनीत कायमची नोकरी. घरात चूल त्या वेळी आईच्या खानावळीच्या डब्यांवर चालली होती. दादा गेला. कुणीही गेला असता. मी त्याच्याशी पाच महिने बोललो नाही. एका खोलीत, एका चटईवर झोपून पाच महिने न बोलणं हे सोपं काम नाही, पण अकराव्या वर्षी निष्ठेला फार जोर असतो.

कार्लटनने 1947 नंतर काही जिंकलं नव्हतं. बरासीने 1968 ला जिंकून दिलं, तीन गुणांनी, तेही समोरच्या संघापेक्षा एक गोल कमी मारून. त्या एकेका गुणाच्या फटींनी तारलं. पण गोष्ट सांगावी ती 1970 ची. एमसीजीवर, म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर, 121,696 माणसं. एवढी गर्दी या खेळाला त्याआधी झाली नाही, नंतरही नाही. मध्यंतराला कॉलिंगवुड 44 गुणांनी पुढे. लोक उठून घरी निघालेले. आणि आत खोलीत बरासीने सांगितलं की लाथ मारून चेंडू लांब भिरकावणं बंद, मुठीने एकमेकांना द्या आणि पळा, पळत राहा. मुठीने चेंडू देणं तोवर अडचणीत सापडलेल्याने करायची गोष्ट होती. त्याने अडचणीलाच चाल केलं. टेड हॉपकिन्स नावाचा बारकुळा पोरगा राखीव बसला होता, त्याला आत घातला. त्याने चार गोल मारले. कार्लटन दहा गुणांनी जिंकलं. ती चित्रफीत मी पुष्कळदा पाहिलीय. मजा अशी की त्या दिवशीचं सगळ्यांच्या लक्षात राहिलंय ते सामन्याच्या चार भागांतल्या दुसऱ्याच भागातलं: ॲलेक्स जेझोलेंको समोरच्या खेळाडूच्या खांद्यावर जवळजवळ उभा राहून हवेत चेंडू पकडतो तो क्षण. तेव्हा कार्लटन हरत होतं. सौंदर्याला निकालाशी देणंघेणं नसतं, त्याचं वेळापत्रक वेगळं. (हॉपकिन्सने पुढे खेळाची आकडेवारी काढणाऱ्या कंपनीच्या स्थापनेत हात घातला. आज प्रत्येक खेळाडूची प्रत्येक मूठ मोजली जाते, त्याला चार गोलवाला तो पोरगाही जबाबदार आहे.)

बरासी ओरडायचा, फार. त्या काळच्या फितींमध्ये खेळाडू गोल करून उभे आणि मध्ये हा, मानेच्या शिरा फुगलेल्या, बोट कुणाच्या तरी छातीवर. आज कुणी असं बोललं तर तक्रार होईल, आणि व्हायलाही हवी असं मला वाटतं. अण्णांनी आमच्या पाठीत हाणलेल्या वेताच्या काठीबद्दल मला आता जिव्हाळा वाटतो तो काठी लागायची थांबून पस्तीस वर्षं झाली म्हणून. पण त्या फितीत एक गोष्ट दिसते. तो ओरडत असताना कुणीही दुसरीकडे बघत नाहीये.

इकडे मेलबर्नने काय केलं? बरासी गेल्यावर पहिल्याच हंगामात, जुलै 1965 मध्ये, नॉर्म स्मिथला काढून टाकलं. सहा विजेतेपदं देणाऱ्या माणसाच्या घरी शुक्रवारी रात्री चिठ्ठी पाठवून. गहजब झाला, चार दिवसांत परत घेतलं, पण काच तडकली ती तडकली. स्मिथ 1973 मध्ये गेला, साठीही गाठली नाही. मेलबर्नला पुढे 1987 पर्यंत बाद फेरीसुद्धा दिसली नाही आणि विजेतेपद तर नाहीच. लोक म्हणायचे, स्मिथचा तळतळाट. आजोबा असल्या गोष्टी मानत नाहीत, असं ते सांगतात. पण 'चौसष्ट' म्हणताना त्यांचा आवाज आमच्या आजीचा 'पानशेत' म्हणताना व्हायचा तसा होतो.

तळतळाट संपला तो 2021 ला, आणि तोही कसा! शहर कोविडने बंद. रात्री नऊला संचारबंदी. फायनल मेलबर्नमध्ये होऊच शकत नव्हती, ती नेली हजारो किलोमीटर दूर पर्थला. सत्तावन्न वर्षं वाट पाहिलेली माणसं आपापल्या दिवाणखान्यात एकटी. तिसऱ्या भागात मेलबर्न मागे होतं, आणि मग असं काही सुटलं की 74 गुणांनी जिंकलं. आजोबांची बायको त्याच्या दोन वर्षं आधी वारली होती. दहाच्या सुमाराला मी मागच्या दारात गेलो. संचारबंदीत कुंपण ओलांडायची सोय नव्हती. पलीकडे अंधारात ते उभे होते, हातात बिअरचा कॅन, न उघडलेला. ओरडले नाहीत. म्हणाले, "उद्या बाबांच्या कबरीवर जाता येणार नाही. दहा किलोमीटरच्या बाहेर आहे का बघून सांग ना." मी फोनवर नकाशा उघडला. बाहेर होती.

मला वाटलं होतं, आता हिशेब मिटला. पण 2023 चा तो रविवार उगवायचा होता.

मधली कारकीर्द मी भरभर सांगतो, कारण आजोबाही तशीच सांगतात. 1973 पासून नॉर्थ मेलबर्न. पन्नास वर्षांत एकदाही न जिंकलेला क्लब. 1975 ला जिंकला. 1977 ला कॉलिंगवुडशी फायनल 76-76 बरोबरीत सुटली, पुढच्या आठवड्यात सगळे पुन्हा जमले आणि नॉर्थ जिंकलं. तीन क्लब, दहा विजेतेपदं, खेळाडू म्हणून सहा आणि प्रशिक्षक म्हणून चार. याच सुमाराला मोनॅश विद्यापीठातले इयन टर्नर नावाचे इतिहासकार दर वर्षी 'रॉन बरासी स्मृती व्याख्यान' द्यायचे. धडधाकट माणसाच्या नावाने स्मृती व्याख्यान! गंमतच होती. 1978 च्या व्याख्यानात त्यांनी नकाशावर एक रेघ कल्पिली, तिच्या एका बाजूला रग्बीवाला ऑस्ट्रेलिया, दुसऱ्या बाजूला फूटीवाला. नाव दिलं बरासी रेषा. आजही तेच नाव चालतं. ती विनोदाने दिलेली 'स्मृती' मला मात्र पुरती विनोदी वाटत नाही. चौसष्ट सालीच ज्याची आठवण काढायला लोकांनी सुरुवात केली, असा तो माणूस.

आणि मग 1981. तो परत आला. मेलबर्नला, प्रशिक्षक म्हणून, घरी. रामाने अयोध्येला परतावं असं लोकांना वाटलं असणार. त्या हंगामात बावीस सामन्यांत एक विजय.

एक!

पाच वर्षं राहिला, एकदाही बाद फेरी नाही. हा भाग चरित्रं लिहिणारे दोन ओळींत उरकतात. मला त्यातच सगळ्यात जास्त रस आहे. कारण त्याच पाच वर्षांत त्याने एक खुळी वाटणारी गोष्ट केली: आयर्लंडमध्ये गेलिक फुटबॉल खेळणारी पोरं हेरून इकडे आणायची. त्यातला एक डब्लिनचा लंबूटांग जिम स्टाइन्स. त्याने आयुष्यात असा अंडाकृती चेंडू हाताळला नव्हता. 1991 ला तोच स्टाइन्स ब्राउनलो पदक घेऊन उभा होता, म्हणजे सगळ्या स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू. सलग 244 सामने खेळला. पुढे मेलबर्न क्लब कर्जात बुडालेला असताना त्याचा अध्यक्ष झाला, कॅन्सरशी झुंजत असताना क्लब वाचवला, 2012 मध्ये गेला. आजोबांच्या घरात भिंतीवर एकच फोटो आहे, तो स्टाइन्सचा. मी एकदा म्हणालोही, "याला आणला कुणी?" ते म्हणाले, "माहीत आहे मला." आणि चहा ओतायला उठले.

नंतर सिडनी, 1993. ओळीने सामने हरत चाललेला संघ, रेषेच्या पलीकडचं शहर, आणि सत्तावन्न वर्षांचा बरासी. तिथे त्याने विजेतेपद आणलं नाही, फक्त संघ मरू दिला नाही. मला वाटतं हे जास्त अवघड असतं, आणि यासाठी कुणी पाण्यावरून चालवत नाही. 2008 च्या शेवटच्या रात्री सेंट किल्डा भागात रस्त्यावर एका बाईला मारहाण होताना पाहून तो मध्ये पडला आणि स्वतः लाथाबुक्क्या खाल्ल्या. बहात्तर वर्षांचा होता. आजोबा हा प्रसंग सांगताना मात्र वाक्याच्या शेवटी 'पण' लावत नाहीत.

दादाने दोन गल्ल्या पलीकडच्या मंडळात गेल्यावर पहिल्याच वर्षी आमच्या मंडळाला फायनलमध्ये गाठलं. नायगावचं मैदान, पिवळे बल्ब, बल्बांभोवती पाकोळ्या, भुईमुगाच्या शेंगांची टरफलं पायाखाली. बरोबरी. शेवटची चढाई दादाची. आता दादाची एक खोड होती. परत वळायच्या आधी त्याचा उजवा खांदा किंचित खाली जायचा, आणि तो नेहमी उजवीकडूनच वळायचा. हे जगात दोघांना माहीत होतं: अण्णांना, आणि रोज बादली धरून पाहणाऱ्या मला. वस्ताद एक डाव राखून ठेवतो म्हणतात. अण्णांचा राखलेला डाव हा होता. मी अण्णांच्या शेजारी रेषेबाहेर बसलेलो. दादाचा खांदा खाली गेला. अण्णांनी एक शब्द ओरडायचा होता. त्यांचं तोंड उघडलं नाही. शिट्टी ओठांत धरून नुसते बघत राहिले. मग मी ओरडलो. "खांदा! उजवीकडून!" सख्ख्या भावाला धरा म्हणून, गळ्याच्या शिरा ताणून. कुणी धरलं नाही. दादा निसटला, ते जिंकले. अण्णा बादली उचलून चालायला लागले, ते काम माझं होतं तरी. नंतर दादाच्या लग्नात अण्णा आले, पाकीट दिलं, पंगतीत बसले, जिलबी मागून घेतली आणि गेले. मला तेव्हा त्यांचा फार राग आला होता. दादाचा राग दादावर होताच. दोघांचाही राग मी इथे येताना बरोबर घेऊन आलो असावा. वजनात मोजला गेला नाही म्हणून विमानतळावर सुटला.

त्या रविवारी रात्री मी दादाला फोन केला. त्याच्याकडे संध्याकाळ, मागे कुकरच्या शिट्ट्या आणि गल्लीतल्या ढोलाचा सराव. इकडचं तिकडचं झाल्यावर विचारलं, "दादा, अण्णांनी तुला माफ केलं होतं का रे?"

"कशाबद्दल?"

मी मंडळाचं नाव घेतलं. तो हसायला लागला. "अरे, ते दर रविवारी घरी यायचे. मटण खायला. तू तेव्हा झोपलेला असायचास नाहीतर मैदानावर. वहिनीच्या बाळंतपणात पहिला डिंकाचा लाडू कुणी आणला?" मी गप्प. मग तोच म्हणाला, "आणि तू ओरडला होतास ना त्या फायनलला?"

चौतीस वर्षं मला वाटत होतं की त्या गोंगाटात ते कुणाला ऐकू गेलं नाही.

"ऐकलं की. म्हणून तर डावीकडून वळलो. नाहीतर सापडलोच होतो."

नोव्हेंबरमध्ये एमसीजीवर बरासीची सार्वजनिक श्रद्धांजली सभा झाली. आजोबा म्हणाले होते येणार नाही. सकाळी मी कचऱ्याचा डबा आत घेत होतो तर हे गाडीशी उभे, इस्त्रीची पँट, गळ्यात मफलर. उन्हाळा तोंडावर आला होता, मफलरची काहीच गरज नव्हती. ट्रेनने गेलो. रिचमंड स्टेशनवर उतरून गर्दीबरोबर चालताना लाल-निळे मफलर दिसत होते, कार्लटनचे गडद निळे, नॉर्थचे निळे-पांढरे पट्टे, दोन-चार सिडनीचे लाल-पांढरे. स्टेडियमच्या बाहेर त्याचा पुतळा आहे. भोवती लोकांनी फुलं ठेवली होती, एका पोराने फूटीचा चेंडू ठेवला होता. ब्राँझच्या अंगावर लाल नाही की निळं नाही, सगळं एकच काळपट तपकिरी. आजोबा गर्दी ओसरेपर्यंत बाजूला थांबले. मग पुढे झाले. चौथऱ्याच्या कडेवर सीगलने घाण केली होती. त्यांनी खिशातून रुमाल काढला, त्यावर थोडी थुंकी लावली आणि ती जागा नीट घासून पुसली, कोपऱ्यातलीसुद्धा. रुमालाची घडी घाण आत जाईल अशी घातली आणि तो परत खिशात ठेवला.

"चल," म्हणाले, "सावलीतल्या जागा जातील."